हाकेला ओ न देणारे ओककाका

सगळ्यात आधी एक सांगून टाकते: ओककाका पुण्याचे नव्हते. कोकणातले तर मुळीच नव्हते. माझीही फसगत झालीच होती. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात मी शिकागोजवळ शॉमबर्गला आले, नवरा तिकडे व्हर्जिनियात हर्नडनला प्रोजेक्टवर, संसार सगळा फोनवर. आमच्या अपार्टमेंटची मॅनेजर बाई म्हणाली, ड्रायक्लीनिंगचे कपडे समोर मिस्टर ओककडे टाक. ओक! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी रस्ता ओलांडून गेले, दार ढकललं आणि थेट मराठीत सुरू केलं, "नमस्कार, तुम्ही ओक ना? मी नागपूरची."

काउंटरमागे वाफेत एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस नुसत्या बनियनवर उभा राहून इस्त्री करत होता. वय पासष्टीच्या आसपास. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मिस्टर ओक?" म्हटलं. काही नाही. "मिस्टर ओक!" ढिम्म. मी नागपूरची, माझा पेशन्स तो कितीसा! तिसऱ्यांदा असं ओरडले की शेजारच्या डोनटवाल्याने डोकावून बघितलं. तेव्हा कुठे काकांनी इस्त्री उभी केली, मान वर केली आणि शांतपणे म्हणाले, "येस?"

मला वाटलं, ऐकू कमी येतं. कसलं काय! मागच्या खोलीतल्या मशीनचा पट्टा जरा सैल झाला तर त्यांना काउंटरवरून कळायचं. पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही असा त्यांचा नियमच होता. आपल्याकडे म्हातारी माणसं तिन्हीसांजेनंतर एका हाकेला ओ देऊ नका म्हणतात, हे दिवसाउजेडी तसंच करायचे. दातांच्या डॉक्टरकडे दोनदा त्यांचा नंबर गेला. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले आणि रिसेप्शनवरच्या पोरीला सांगून ठेवलं, बाई गं, तीनदा ओरड.

ते निघाले कोरियाचे. आडनावावरून झालेला माझा सगळा घोटाळा त्यांनी ऐकून घेतला, "नागपूर" असा शब्द तोंडात घोळवून बघितला आणि पुढची सहा वर्षं मला तीच हाक मारली. माझं खरं नाव सांगायला गेले तर त्यांनी तळहात दाखवून थांबवलं. त्यांचं इंग्रजी तुटकं होतं, माझंही तेव्हा बेताचंच होतं. ते जे बोलायचे ते मला समजलं तसं इथे मराठीत सांगतेय.

त्यांच्या दुकानात वही नव्हती. पावती नव्हती. कपडे टाकले की काका कॉलरच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याचे तीन टाके घालायचे आणि त्याच दोऱ्याचा तुकडा तुमच्या हातात द्यायचे. माझा दोरा पिवळा आणि हिरवा. आठवड्याने तो तुकडा दाखवायचा, कपडे घ्यायचे. मला याचं काही वाटलं नाही, आमच्या नागपूरचा धोबीही शाईने अशीच खूण करायचा. पण गोरे लोक बिचकायचे. "माझं नाव नाही का लिहून घेणार?" म्हणून विचारायचे. काका नकाराची मान हलवायचे. अर्धे परत यायचे नाहीत, उरलेले वर्षानुवर्षं यायचे.

दुकानात आणखी एकच माणूस होता, रफीक. बांगलादेशचा शिंपी. कमरा कमी कर, पॅन्टा आखूड कर, चेन बदल, ही कामं तो करायचा. शिकागोच्या देशी वस्तीत, डेव्हन ॲव्हेन्यूवर, चौघांत मिळून एक खोली घेऊन राहायचा आणि दोन बस बदलून यायचा. बारीक अंगाचा, दाढीवाला, आवाज इतका हळू की मशीन थांबवल्याशिवाय ऐकू येऊ नये. त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी तिकडे गावाला होती. मुलगी त्याने पाहिलीच नव्हती, तो निघाला तेव्हा ती पोटात होती. ग्रीन कार्डचा अर्ज टाकलेला, तो कुठेतरी अडकलेला. कार्ड झालं की त्या दोघींना आणायचं, बस्स, एवढ्या एकाच गोष्टीवर तो जगत होता. काका त्याच्यावर दिवसभर खेकसायचे, "शिवण वाकडी आहे, उसव!" आणि दुपारी स्वतःच्या डब्यातला अर्धा भात त्याच्या ताटलीत लोटायचे.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरच्या एका शनिवारी मी माझा ब्लेझर घ्यायला गेले होते. एक आडदांड माणूस आत आला. जुनं गिऱ्हाईक, कितीतरी वेळा मी त्याला तिथे हसत बोलताना पाहिलेला. त्याने खिडकीजवळ बसलेल्या रफीककडे बघितलं. काउंटरवरून वाकला, रफीकची दाढी मुठीत धरली आणि त्याला मशीनवरून ओढलं. मशीन चालू होतं. रफीकचा हात त्याच्यावर टेकला आणि सुई तळव्यातून आरपार गेली. मी किंचाळले. रफीक नाही किंचाळला. त्याला हवाच मिळत नव्हती, कारण तो माणूस आता त्याचं तोंड मशीनच्या लोखंडावर आपटत होता.

काका पळाले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी वाफेची इस्त्री उचलली, दोन पावलं टाकली आणि त्या माणसाच्या उघड्या हातावर ठेवली. मारली नाही हं, ठेवली. शर्टाच्या बाहीवर ठेवतात तशी, आणि वर भार दिला. तो वास मला अजून आठवतो. त्या माणसाने असा काही टाहो फोडला की विचारू नका. तो खांद्याने दाराची काच फोडून बाहेर गेला.

पोलीस आले. तरुण पोरगा होता, चांगला होता बिचारा. म्हणाला, तक्रार लिहून घेतो, नाव सांगा. काका गप्प. त्याने रफीककडे बघितलं तर काका मध्ये येऊन उभे राहिले. "नाव नाही." पोलिसाने समजावलं, नाव नसेल तर मी केस कशी करू? काका तेच, "नाव नाही." शेवटी तो पोरगा वही मिटून निघून गेला. मी काकांवर इतकी भडकले! म्हटलं, "तो राक्षस मोकळा सुटला तुमच्यामुळे! याला काय अर्थ आहे?" काका पकडीने रफीकच्या तळव्यातली मोडकी सुई उपसत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याच्याकडेही आमचं नाव नाही."

आता माझा मूर्खपणा सांगते. आपण कॉम्प्युटरवाली माणसं, आपल्याला वाटतं जगातलं प्रत्येक दुःख डेटाबेस नसल्यामुळे आहे. पुढच्या वर्षी मी ठरवलं, काकांचं दुकान कॉम्प्युटराइज करायचं. तीन वीकेंड घरी बसून प्रोग्रॅम लिहिला. माझा जुना डेस्कटॉप गाडीत घालून नेला. काका दुपारी बँकेत गेले होते, तेवढ्यात सरप्राइज म्हणून सगळं मांडलं आणि काउंटरवर एक पॅड ठेवलं: नाव, पत्ता, फोन. गिऱ्हाईक खूश! तासाभरात सतरा-अठरा नावं झाली. लोकांना कळावं म्हणून पहिल्या ओळीत मी रफीककडून त्याचं नाव लिहून घेतलं होतं.

काका आले. त्यांनी पॅड बघितलं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक नावावर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कागद फाडला, परत फाडला, तुकडे तोंडात कोंबले आणि चावायला लागले. मग मॉनिटर उचलून जमिनीवर घातला आणि कपडे अडकवायच्या लोखंडी दांड्याने त्या डेस्कटॉपचा चेंदामेंदा केला. दांडा परत जागेवर लावला आणि रफीकच्या अशी थोबाडीत दिली की तो भिंतीवर गेला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मला वाटलं, आता माझी पाळी. पण काका मटकन खाली बसले आणि काचा गोळा करायला लागले. गोळा करता करता बोलले. एका वर्षात बोलले नव्हते एवढं त्या दुपारी बोलले.

त्यांचं आडनाव मुळात ओक नव्हतंच. वांग होतं. सहाशे वर्षांपूर्वी कोरियावर वांग घराण्याचं राज्य होतं. एका सेनापतीने शेवटच्या राजाला खाली ओढलं आणि तो स्वतः बसला. पण बसून त्याला चैन पडेना. एकेक जिवंत वांग म्हणजे उद्याचं बंड. मग त्याने दवंडी पिटवली: सगळ्या वांग मंडळींनी बंदरावर यावं, नावं नोंदवावीत. तुम्हाला एक बेट देतोय. तिथे शेती करा, साधी माणसं होऊन जगा. वांग आले. लपून लपून थकले होते हो. बायका, पोरं, भांडीकुंडी, कुणी तर रोपंसुद्धा घेऊन आले होते.

ओककाकांचा पूर्वज त्या पदच्युत राजाचा चुलत भाऊ. मोठा सरदार, पागेत घोडे, हाताखाली माणसं. तोही आला होता, सख्ख्या थोरल्या भावाबरोबर. बोटीच्या फळीपाशी कारकून यादी घेऊन उभा. तो नाव घ्यायचा, माणूस 'हजर' म्हणायचा आणि बोटीवर चढायचा. थोरल्याचं नाव आलं. तो 'हजर' म्हणाला, चढला. मग धाकट्याचं आलं. तेवढ्यात धाकट्याचं लक्ष गेलं की बोटीवर पाण्याचे माठ चढवलेच नाहीयेत. इतकी माणसं, इतकं लांब बेट, आणि प्यायला पाणी नाही? "शौर्य वगैरे काही नाही," काका म्हणाले, "नुसता आवाज फुटला नाही." दुसरी हाक झाली. तिसरी झाली. तो कोळ्यांच्या गर्दीत सरकला आणि कुणाचं तरी जाळं खांद्यावर घेतलं. कारकुनाला वाटलं, हा गर्दीतून आधीच चढला असेल.

बोट थोडी आत गेली. खलाशांनी पाण्यात उड्या मारल्या. तळाला आधीच भोकं पाडून बुचं मारून ठेवली होती, ती त्यांनी उपसली. किनाऱ्यावर सगळं ऐकू येत होतं. पोहत परत येणाऱ्यांसाठी उथळ पाण्यात भालेवाले उभे होते. बायकांना, पोरांना भाल्याच्या टोकाने परत आत ढकलत होते. सरदाराने तोंड फिरवलं नाही, फिरवलं असतं तर ओळखू आला असता. खांद्यावर जाळं घेऊन तो सगळं शेवटपर्यंत बघत राहिला. त्याचा भाऊ पोहत अगदी जवळ आला. भाऊ भाऊ एकमेकांकडे बघत होते. "भावाने त्याला हाक मारली नाही," काका म्हणाले. "हाक मारली असती तर मी इथे नसतो." मग भाला आला.

त्या सरदाराने आडनावाच्या चिनी अक्षरात एक ठिपका वाढवला, वांगचा ओक झाला आणि डोंगरात जाऊन मडकी भाजायला लागला. तेव्हापासून त्या घरात थोरल्या मुलाला हे सांगतात. यादीत नाव द्यायचं नाही. पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. मी आपली नागपुरी खोड, विचारलंच, "मग काका, अमेरिकेचा व्हिसा कसा मिळाला?" तर म्हणाले, "सगळे फॉर्म बायकोने भरले. मी डोळे मिटून सही केली." बायको आता नव्हती. एक मुलगी टेक्सासला होती, वर्षातून एकदा फोन करायची.

आपला पितृपंधरवडा लागतो त्याच सुमारास त्यांचाही पितरांचा दिवस असतो. त्या सकाळी काका दुकान बंद ठेवून इस्त्रीच्या टेबलावर भाताचे, सूपाचे वाडगे मांडायचे. पलीकडे पूर्वजाच्या नावाचा कागद उभा करायची रीत आहे म्हणे. काका कोरा कागद उभा करायचे. त्या वर्षी मी कॉम्प्युटरचं प्रायश्चित्त म्हणून साबुदाण्याची खीर करून नेली, तीही त्यांनी वाडग्यात वाढली.

त्याच हिवाळ्यात सरकारचा हुकूम आला. ठरावीक देशांच्या पुरुषांनी शिकागोला सरकारी ऑफिसात येऊन नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढायचा. यादीत बांगलादेश होता. रफीक माझ्याकडे आला, "दीदी, क्या करूँ?" काकांनी तर सरळ सांगितलं, जायचं नाही. मी म्हटलं, "काका, हा तुमचा सहाशे वर्षांपूर्वीचा कोरिया नाहीये. इथे कायदा आहे. न जाणं हाच गुन्हा होईल, मग ग्रीन कार्ड विसरा. मग त्याची मुलगी कधी यायची?" शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. मला माहीत होतं ते कुठे लागेल. रफीक दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, जातो. फॉर्म मी भरला. प्रिंट मी काढली. गाडी मीच काढली.

सकाळी निघताना बघते तर काका कोट घालून गाडीशी उभे. काही न बोलता मागे बसले. एक्सप्रेसवेवर ट्रॅफिक तुंबलेलं, बाहेर बर्फाचा चिखल. रफीक पुढे माझ्या शेजारी खिशातले कागद पुन्हा पुन्हा चाचपत होता. काका मागून बोलायला लागले, जणू स्वतःशीच.

ते तेरा वर्षांचे असताना कोरियात उत्तर-दक्षिण लढाई पेटली होती. त्याच्या आदल्या वर्षी गावात एक सरकारी माणूस यादी घेऊन आला होता, नाव लिही आणि तांदळाचं पोतं ने. काकांच्या वडिलांनी लिहिलं. वीस पिढ्यांत पहिल्यांदा. "घरात दाणा नव्हता," काका म्हणाले. लढाई सुरू झाली आणि त्यांच्याच सरकारचे सैनिक ती यादी घेऊन आले. यादीतली माणसं उद्या शत्रूला मिळतील, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. शाळेच्या मैदानात सगळ्यांना बोलावलं. नावं वाचायला शाळेचे मास्तर उभे केले होते. मास्तर वडिलांचे दोस्त. दोस्ताने नाव घेतलं आणि गप्प राहायचं, हे बरं दिसत नाही. वडील पहिल्याच हाकेला 'हजर' म्हणाले.

टेलिफोनच्या तारेने सगळ्यांचे हात बांधले. एका अधिकाऱ्याने काकांची मान धरून विचारलं, "हा तुझा बाप?" हो म्हटलं असतं तर त्याच रांगेत उभं केलं असतं. काका म्हणाले, "नाही." वडिलांनी खाली बघून हळूच मान हलवली. गणित बरोबर आलं की हलवायचे तशी. ट्रक भरून दरीत नेले. लांबून लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता, तो बराच वेळ चालला. दुसऱ्या दिवशी आई आणि ते शोधायला गेले. उन्हाळ्याचे दिवस, सगळे एकमेकांवर पडलेले, कुणालाच तोंड म्हणून राहिलं नव्हतं. आईने एकेका सदऱ्याची कॉलर उलटून बघितली. शेवटी तिला तिचे टाके सापडले. निळ्या दोऱ्याचे तीन.

मी गाडी चालवत होते, मागे वळून बघता येत नव्हतं. रफीक रडत होता. मला तेव्हाच गाडी वळवायला हवी होती. का नाही वळवली? कागद सगळे नीट होते ना माझे.

ऑफिसच्या दाराशीच यादी होती. रफीकने नाव लिहिलं तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले. आत मोठा हॉल, खुर्च्यांच्या रांगा, बायका, पोरं, डबे, थर्मास. एक कारकून दारात येऊन नाव पुकारायचा, माणूस उठून आत जायचा, दार लागायचं. तास झाला, दोन तास झाले. काका बोटांवर काहीतरी मोजत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आत गेले एकोणीस. बाहेर आले चार." मी म्हटलं, वेळ लागतो काका, ठसे वगैरे असतात. ते बाथरूमला म्हणून उठले आणि आले ते वेगळेच चालत आले. "मागच्या बाजूला बस उभी आहे. खिडक्यांना जाळी आहे." तेवढ्यात एक बाई दारावरच्या गार्डला नवऱ्याचा डबा द्यायला गेली. गार्डने डबा परत तिच्या हातात दिला. म्हणाला, तो इथे नाही थांबणार, याचा काही उपयोग नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मला बोटीवरचे माठ आठवले.

आणि रफीकचं नाव आलं. कारकुनाने उच्चाराची पार वाट लावली होती, पण कळलं. रफीक अर्धवट उठला. "दीदी?" मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते मी? अजून मला ठाऊक नाही. दुसरी हाक आली. रफीक तसाच अधांतरी. तिसरी हाक आली आणि माझ्या डाव्या बाजूला एक हात सरळ वर गेला.

"हजर," ओककाका म्हणाले.

ते उठून ताठ चालत दाराशी गेले. कारकून आधी हसला. "सर, तुम्ही रफीक नाही." "मी रफीक." "पासपोर्ट दाखवा." काकांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि ओरडायला लागले. मी रफीक, मी रफीक. अख्खा हॉल उभा राहिला. दोन गार्ड धावले. एकाने त्यांचा हात मागे पिरगळला, काकांनी त्याच्या मनगटाचा चावा घेतला, सोडेचनात. दुसऱ्याने त्यांना उचलून आदळलं. लोखंडी चौकटीवर डोकं आपटल्याचा आवाज मी ऐकला. मग ते खाली, पाठीवर गुडघा, कपाळातून रक्त फरशीवर. पोरं किंचाळत होती, बायका गार्डवर धावून जात होत्या, दारावर कुणी उरलंच नव्हतं. आणि त्या पायांच्या गर्दीतून काकांनी मान वळवून मला शोधलं. हनुवटीने रस्त्याकडचं दार दाखवलं.

"नागपूर," ते म्हणाले, "दार."

मी टॅक्ससुद्धा एक महिना आधी भरणारी बाई. मी रफीकचं मनगट धरलं आणि चालायला लागले. पळाले नाही, चालत बाहेर पडले. ज्या माणसाला मी काका म्हणत होते, त्याला रक्तात टाकून निघाले आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी रफीक बसने कॅनडाच्या सीमेकडे गेला. काकांवर केस झाली नाही. म्हातारा भ्रमिष्ट आहे, असं म्हणून त्यांना हॉस्पिटलात पोचवून दिलं. खुबा मोडला होता, डोक्याच्या आत रक्त साचलं होतं. मी त्यांच्या पलंगापाशी ढसाढसा रडले. "काका, मीच त्याला तिथे नेलं. चुकलंच माझं." ते म्हणाले, "शिवण वाकडी होती. उसवली." त्यावर ते परत कधी बोलले नाहीत. दुकान मुलीने विकून टाकलं. काका वॉकर घेऊन चालायला लागले, पण डोकं हळूहळू जायला लागलं. आधी गिऱ्हाईकांचे दोरे विसरले, मग बायकोचा चेहरा. मुलीने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. मी दर रविवारी जायचे.

शेवटची गेले ती दोन हजार सातच्या मे महिन्यात. मी शॉमबर्ग सोडून कायमची हर्नडनला निघाले होते, निरोप घ्यायचा होता. काका खिडकीपाशी खुर्चीत बसून मांडीवरच्या पांघरुणातला एकेक दोरा उपसत होते. औषधं देणारी मुलगी हातात यादी घेऊन आली. "मिस्टर ओक!" तीनदा ओरडली, चारदा ओरडली. आता तिसऱ्या हाकेलाही मान वर होत नव्हती. तिने स्वतःच गोळी भरवली आणि पुढे गेली. मी समोर बसून म्हटलं, "काका, मी नागपूर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत दोरा उपसायला लागले. मला फार लागलं ते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. टोरोंटोहून रफीक. त्याला तिथे राहायची परवानगी मिळाली होती हे मला ठाऊक होतं, पण आज आवाज वेगळाच होता. "दीदी, आ गयीं! दोनों आ गयीं! काका को फोन दो, बेटी बात करेगी." मी आनंदाने मोठ्यांदा ओरडले, "रफीक!"

काकांचा हात वर गेला. सरळ, ताठ.

"हजर."

पांघरूण खाली पडलं. ते उठायला बघत होते, खुबा उठू देत नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले, घट्ट म्हणजे बोटं पांढरी पडली. मग एक हात सोडवून परत वर केला. "हजर. मी रफीक." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं. पूर्ण ओळखलं. फोनमधून एक लहान मुलगी हॅलो, हॅलो म्हणत होती. औषधवाली मुलगी धावत आली, "काय झालं? बसवा त्यांना, बसवा!" काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. हनुवटीने मला दार दाखवलं.

"नागपूर, दार."

मी त्यांना बसा म्हटलं नाही. फोन छातीशी धरला आणि उठून चालायला लागले. कॉरिडॉर ओलांडला, काचेच्या दारातून बाहेर पडले, पार्किंग ओलांडलं. या वेळी मात्र मागे वळून बघितलं. खिडकीत काका दिसत होते, हात तसाच वर. मी रस्त्यावर पोचले तेव्हा कुठे त्यांनी तो खाली घेतला.